लंका पाहू या

लंका म्हटली की आपल्याला रावण आठवतो. सोन्याची लंका, अशोकवन, मारुतीचे पेटलेले शेपूट. दंडारीत नाहीतर रामलीलेत आपण हे सारे पाहिलेले असते. जुन्या मंडळींना आणखी एक लंका आठवेल, रेडिओ सिलोनची. त्या वेळी लंकेचे नाव सिलोन होते. 1972 साली त्या देशाने आपले नाव श्रीलंका असे ठेवले.

ही लंका आहे तरी केवढी? आपल्या विदर्भाहूनही लहान. चारी बाजूंनी समुद्र, मध्ये डोंगर. थंडी अशी नाहीच. नारळ, केळी, फणस आणि जिकडे तिकडे धान. वस्ती दोन कोटींहून थोडी अधिक. शंभरातले सुमारे सत्तर लोक बौद्ध आहेत. बाकीचे हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती.

आपल्या गोंदिया जिल्ह्यातली माणसे यात्रेला जातात. कोणी कचारगडला जातो, कोणी प्रतापगडला, कोणी दीक्षाभूमीला. अलीकडे काही मंडळी विचारतात, बुद्धगया झाली, आता लंकेला जाता येईल काय? खर्च किती, कागद कोणते, फसवणूक तर होणार नाही? म्हणून हा पाठ आम्ही लिहिला आहे.

आधी गेलेली दोन माणसे

लंकेला जाणारे आपण काही पहिले नाही. गोव्यात साखवाळ नावाचे गाव आहे. तिथे 1876 साली धर्मानंद कोसंबी जन्मले. घरची नारळाची बागाईत. शाळा फार झाली नाही. पण मराठी वाचता येत होते. एकदा मुलांच्या एका मराठी मासिकात बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले. ते मनात असे बसले की हा धर्म मुळातून शिकायचा, असे त्यांनी ठरवले. घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी असे फिरत, अन्नछत्रात जेवत ते पुढे पुढे गेले. 1902 साली लंकेला पोचले. कोलंबोला विद्योदय नावाचे भिक्षूंचे विद्यालय होते. तिथे सुमंगलाचार्यांच्या हाताखाली ते पाली भाषा शिकले आणि श्रामणेर झाले. श्रामणेर म्हणजे शिकाऊ भिक्षू. पुढे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठातही काम केले. आपल्या मराठीत बुद्धावर पुस्तके लिहिली. 1947 साली वर्ध्याजवळ सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला. एका मासिकातली काही पाने वाचली, त्यातून एवढे झाले.

दुसरे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. 1950 च्या मे महिन्यात ते माईसाहेबांसह लंकेला गेले. कँडी शहरात जगभरच्या बौद्धांची परिषद होती. तिथे ते नुसते भाषणाला गेले नव्हते. लोक धर्म पाळतात तो कसा पाळतात, विधी कसे करतात, हा धर्म लोकांच्या रोजच्या जगण्यात जिवंत आहे की पुस्तकातच राहिला, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. 1954 साली ते ब्रह्मदेशालाही जाऊन आले. त्याच साली आपल्या भंडारा मतदारसंघातून ते लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. वेगळा जिल्हा 1999 साली झाला. ती निवडणूक ते हरले. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी त्या प्रचाराच्या गोष्टी अजून ऐकू येतात. पुढे 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला त्यांनी लाखो लोकांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. घाईने काही केले नाही. आधी पाहिले, वाचले, पारखले. आपल्याकडे बैल घेताना माणूस चार बाजार फिरतो, तसेच हे.

एक झाड

लंकेत पाहायला पुष्कळ आहे. पण एकच ठिकाण पाहायचे असेल तर आम्ही अनुराधपूर सांगू.

सम्राट अशोकाचे नाव तुम्ही ऐकले आहे. आपल्या नोटांवर आणि नाण्यांवर त्याच्या स्तंभावरचे सिंह आहेत. त्याचा मुलगा महेंद्र भिक्षू झाला आणि लंकेला गेला. अनुराधपूरजवळ मिहिंतले नावाची टेकडी आहे. तिथे राजा देवानंपिय तिस्स शिकारीला आला होता. तिथेच त्याची आणि महेंद्राची भेट झाली. राजाने शिकार सोडली आणि उपदेश ऐकला, अशी कथा आहे. ज्येष्ठ पौर्णिमेला तिथे आजही मोठी यात्रा भरते. टेकडीला 1,840 पायऱ्या आहेत. घाबरू नका, अर्ध्यावर मोटार जाते.

मग अशोकाची मुलगी संघमित्रा आली. बुद्धाला ज्या पिंपळाखाली ज्ञान झाले, त्याची फांदी तिने बरोबर आणली. ती अनुराधपूरला लावली. याला बावीसशे वर्षांहून अधिक काळ झाला. ते झाड अजून उभे आहे! माणसाने लावलेले आणि लावल्याचा काळ लिहून ठेवलेले इतके जुने झाड जगात दुसरे नाही, असे मानतात. बुद्धगयेचे मूळ झाड पुढे गेले, आज तिथे आहे ते नंतरचे. लंकेतली फांदी मात्र टिकली.

झाड पाहून काही जण निराश होतात. त्यांना वाटते, एवढे जुने म्हणजे मोठा थोरला डेरेदार वड असेल. तसे नाही. उंच ओट्यावर, कठड्याच्या आत, सोनेरी टेकूंवर आधार घेतलेल्या बारीक फांद्या आहेत. म्हाताऱ्या माणसाने काठी टेकावी तसे ते झाड दिसते. त्याला हात लावू देत नाहीत. पांढरी लुगडी नेसलेल्या बाया खाली वाळूत बसून पुटपुटत असतात. कोणी पाण्याची घागर आणतो, कोणी कमळ. आवाज कोणी करत नाही. तासभर बसावे असे ते ठिकाण आहे. फोटो काढून पळू नये.

जवळच मोठे स्तूप आहेत. रुवनवेली हा पांढराशुभ्र स्तूप शंभर मीटरहून उंच आहे. जेतवन हा विटांचा. पूर्वी तो त्याहूनही उंच होता. मिसर देशातले दोन मोठे पिरॅमिड सोडले तर त्या काळी जगात एवढे उंच बांधकाम नव्हते, असे जाणकार सांगतात.

झाडाभोवती आणि मंदिरांत शिपाई तुमची पिशवी तपासतील. राग मानू नका. 1983 पासून 2009 पर्यंत या देशात सिंहली सरकार आणि तमिळ बंडखोर यांचे युद्ध चालले. 1985 साली अनुराधपुरात बंदुकधाऱ्यांनी यात्रेकरूंना मारले. 1998 साली कँडीच्या मंदिराच्या दारात बाँब फुटला. तमिळ गावांतही हजारो माणसे मेली, घरे गेली. बुद्धाच्या देशात असे कसे झाले, असे तुम्ही विचाराल. आम्हीही विचारतो. धर्म थोर असला तरी माणसे माणसांसारखीच वागतात. लंकेत जातिभेदही आहे, हे जाण्याआधी माहीत असलेले बरे.

तलाव पाहून आपला कास्तकार थांबेल

मंदिरे पाहायला सारे जग येते. पण आपल्या भागातला कास्तकार लंकेत गेला तर त्याची नजर दुसरीकडेही जाईल. तलावाकडे.

आपला जिल्हा तलावांचा. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, असे सांगतात. गावोगावचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि बोड्या यांच्यावर आपले धान उभे आहे. लंकेचा उत्तरेकडचा भागही असाच. पाऊस थोडे महिने पडतो, बाकी वेळ कोरडे. म्हणून तिथल्या राजांनी आणि गावकऱ्यांनी दोन हजार वर्षांपासून तलाव बांधले. एका ओढ्यावर एकाखाली एक असे तलाव. वरचा भरला की सांडवा खालच्यात. आपल्याकडेही हेच पाहायला मिळते, नाही का?

मोठ्या तलावांत पाण्याचा दाब फार. दार उघडले की पाणी उसळून पाळ फोडील. यावर त्यांनी युक्ती काढली. पाळीच्या आत दगड-विटांची चौकोनी विहीर बांधली. तलावाचे पाणी आधी त्या विहिरीत येते, तिथे त्याचा जोर मोडतो, मग ते शांतपणे कालव्यात जाते. तिला बिसोकोटुवा म्हणतात. हे तंत्र इसवी सनाच्या आरंभीच्या काळातले! इंग्रज इंजिनियर ते पाहून चकित झाले होते.

पोलोन्नरुव गावी पराक्रमबाहू राजाचा बाराव्या शतकातला तलाव आहे. नावच पराक्रम समुद्र. पाळ सुमारे 14 किलोमीटर लांब. पावसाचे पाणी लोकांच्या कामी आल्याशिवाय समुद्राला जाऊ द्यायचे नाही, असा त्या राजाचा बाणा होता. मध्ये कित्येक शतके हे तलाव रानात बुजून गेले होते. नंतर दुरुस्त झाले. आज त्या पाण्यावर धान पिकते. त्याच गावी एका अखंड काळ्या कातळात कोरलेल्या बुद्धाच्या मूर्ती आहेत. निजलेली मूर्ती 46 फूट लांब आहे. उशीला डोक्याच्या भाराने खळगा पडलेला कोरला आहे, तो जरूर पाहा.

आपले किती तलाव गाळाने भरले, किती बोड्या बुजून बांध्या झाल्या, हे ज्याचे त्याला ठाऊक. तिथे पाळीवर उभे राहिले की ते आठवल्याशिवाय राहत नाही.

बोली ओळखीची वाटते

लंकेतली मोठी भाषा सिंहली. अक्षरे गोल गोल, जिलबीसारखी. वाचता येणार नाहीत. पण कान देऊन ऐका. भाताला ते 'बत' म्हणतात. गावाला 'गम'. कानाला 'कन'. नावाला 'नम'. आकडे मोजून पाहा: एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नवय, दहय. आपल्या 'सात'चे तिथे 'हत' झाले, 'सहा'चे 'हय'. पण 'दहा' पाहा, जवळजवळ तसेच राहिले! फार जुन्या काळी उत्तरेकडून गेलेल्या लोकांची ही भाषा आहे. आपल्या मराठीची ती दूरची बहीण लागते. भेटल्यावर हात जोडून 'आयुबोवन' म्हणतात. त्याचा अर्थ, दीर्घायुषी व्हा. आभार मानताना 'इस्तुति' म्हणतात. आपली स्तुती.

एक गंमत लक्षात ठेवा. तिथे गेल्यावर मोठा वकीलही निरक्षर होतो, कारण पाट्या सिंहली, तमिळ आणि इंग्रजीत असतात. तेव्हा लाजू नये. बसचा नंबर 1, 2, 3 अशा इंग्रजी आकड्यांतच असतो. तो वाचावा. उतरलेल्या धर्मशाळेचे नाव आणि फोन कागदावर लिहून खिशात ठेवावा. आणि विचारावे. लंकेत शंभरातले नव्वदहून अधिक लोक लिहिणारे-वाचणारे आहेत. खेड्यातली बाईसुद्धा चष्मा लावून वर्तमानपत्र वाचताना दिसते.

वागायचे कसे

विहारात जाताना चपला बाहेर, टोपी बाहेर. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. पांढरे कपडे असले तर उत्तम. दुपारी दगडी फरशी तव्यासारखी तापते, पायमोजे घालावेत. फूल वाहताना त्याचा वास घेऊ नये, हे आपल्याकडेही आहे. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये. मूर्तीच्या गळ्यात पडून तर मुळीच नाही. 2012 साली तीन फ्रेंच पाहुण्यांनी मूर्तीचे मुके घेताना फोटो काढले. कोर्टाने त्यांना शिक्षा सुनावली. 2014 साली दंडावर बुद्धाचे चित्र गोंदलेल्या एका इंग्रज बाईला देशाबाहेर पाठवले. आपल्या तरुण पोरांनी हे आधी वाचावे.

कँडीला बुद्धाच्या दाताचे मंदिर आहे. चौथ्या शतकात कलिंगाच्या राजकन्येने तो दात केसांत लपवून लंकेला आणला, अशी कथा. दात दिसत नाही. पूजेच्या वेळी सोन्याचा करंडक दिसतो. कोणी पैसे घेऊन दात दाखवतो म्हणाला तर समजावे काय ते.

दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते. तिला 'पोय' म्हणतात. त्या दिवशी दारूची दुकाने बंद. वैशाखी पौर्णिमेला रस्तोरस्ती कागदी कंदील लागतात आणि लोक येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवू घालतात. जेवण म्हणजे भात आणि कालवण. आपल्या माणसाला हाल नाहीत. फक्त नारळाच्या चटणीत सुक्या मासळीची पूड असते. मासळी न खाणाऱ्याने आधी विचारावे.

कधी जावे? कँडीची हत्तींची मोठी मिरवणूक जुलै-ऑगस्टात निघते. पण तेव्हा आपली रोवणी. धान घरात आले, चुकारे हाती आले की फेब्रुवारी-मार्चमध्ये जावे. तेव्हा अनुराधपूरकडे पाऊसही नसतो.

कागद आणि पैसा

परदेशी जायला पासपोर्ट लागतो. मोठ्या माणसाचा साधा पासपोर्ट 10 वर्षे चालतो. 36 पानी पासपोर्टाची सरकारी फी 1,500 रुपये आहे. नागपूरला पासपोर्ट कार्यालय आहे. बऱ्याच जिल्ह्यांत मोठ्या टपाल कचेरीतही ही सोय झाली आहे, चौकशी करावी. अर्जानंतर पोलीस घरी चौकशीला येतात. आधार कार्डावर एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे, असे असेल तर आधी ते दुरुस्त करावे. खोळंबा बहुतेक इथेच होतो.

आता नीट वाचा. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टावर 'ई. सी. आर.' अशी नोंद येते. काही दलाल ती दाखवून घाबरवतात. म्हणतात, तुम्हाला बाहेर जाता येणार नाही, पाच-दहा हजार द्या, काम करतो. हे खोटे आहे. ती नोंद ठरावीक 18 देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे मजुरांची तिथे फसवणूक होऊ नये म्हणून. श्रीलंका त्या 18 देशांत नाही. आणि सहलीला जाणाऱ्याला तर ती आडवी येतच नाही.

पासपोर्टानंतर विसा. विसा म्हणजे त्या देशाने आत येऊ देण्याची दिलेली परवानगी. लंकेची परवानगी निघण्याआधी मोबाईलवर किंवा संगणकावर काढता येते. नियम आणि फी वरचेवर बदलतात, म्हणून त्या सरकारच्या संकेतस्थळावरच पाहावे. परत येईपर्यंत पासपोर्टाची मुदत निदान 6 महिने उरलेली असावी.

गोंदियाहून अर्जुनी, वडसा, मूल या वाटेने बल्लारशाह, नाहीतर नागपूर. तिथून चेन्नईची गाडी. चेन्नईहून कोलंबो विमानाने दीड तासाच्या आत. पूर्वी रामेश्वरकडून बोट होती. 1964 च्या वादळात धनुष्कोडी बुडाले आणि पुढे तो मार्ग बंद पडला. 2023 साली तमिळनाडूतल्या नागपट्टणमहून लंकेच्या उत्तर टोकाला बोट पुन्हा सुरू झाली. पण हवा बिघडली की ती थांबते. तिच्यावर बेत बांधू नये.

बहुतेक लोक यात्रा कंपनीबरोबर जातात. जावे, पण डोळे उघडे ठेवून. पैसे रोख मोजून देऊ नयेत. बँकेतून द्यावेत आणि छापील पावती घ्यावी. पावतीवर कंपनीचे नाव, पत्ता, तारीख, रक्कम वाचावी. जेवण, मुक्काम, विमान, विसा आणि मंदिरांची तिकिटे, यांतले काय पैशात आले आणि काय नाही, हे लिहून मागावे. 'सगळे आले' हे तोंडी बोलणे धरू नये. पासपोर्ट दुसऱ्याच्या हाती दिवसभर राहू देऊ नये. त्याच्या पानांची छायाप्रत घरी ठेवावी. कोणी विमानतळावर एखादे पार्सल देऊन 'तिकडे माझा माणूस घेईल' म्हणाला, तर हात लावू नये.

सही करण्याआधी कागद पूर्ण वाचा. अक्षर लावून वाचायला वेळ लागला तर लागू द्या. समोरचा घाई करू लागला तर समजा की त्याला तुम्ही वाचायला नको आहे. पूर्वी आपण अंगठा लावत होतो, तेव्हा त्याचे काम सोपे होते.

आणि एक. या सहलीसाठी कर्ज काढू नका. बांधी गहाण ठेवून केलेली यात्रा घरी आल्यावर झोप देत नाही. चार घरांनी मिळून दोन वर्षे थोडे थोडे बँकेत किंवा बचत गटात साठवावे. आईला नेायचे असेल तर तिचे गुडघे चालतात तोवर न्यावे.

दूर जाणे जमले नाही तर

लंकेला सगळ्यांनाच जाता येणार नाही. जवळही काही आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे. तिचे नाव नोर्ग्येलिंग. ही माणसे आपला देश सोडून आली आणि 1972 पासून इथे राहतात. शेती करतात. हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरात जातात. त्यांचा बौद्ध धर्म लंकेच्या पंथाहून वेगळ्या पंथाचा. त्यांचे मंदिर, रंगीत पताका, फिरती प्रार्थनाचक्रे पाहावीत. मात्र तिथे माणसे राहतात. ते काही प्रदर्शन नव्हे. विचारून आत जावे.

आणि नागपूरला दीक्षाभूमीवर पिंपळ आहे. भदंत आनंद कौसल्यायन हे लंकेत शिकलेले भिक्षू होते. 1988 साली नागपूरलाच ते वारले. त्यांनी अनुराधपूरच्या त्या झाडाच्या तीन फांद्या आणून तिथे लावल्या, असे सांगतात. म्हणजे गयेची फांदी लंकेला गेली आणि लंकेची नागपूरला आली. पुढच्या वेळी दीक्षाभूमीला गेलात तर स्तूपाच्या उजव्या हाताला पाहा.